संदर्भ चुकला म्हणून गुण कापावेत का?

शेवटचा_बाक:
एम.ए.चे अंतर्गत निबंध तपासून नुकताच उठलोय. विषय महात्मा फुल्यांचा शिक्षणविचार. 'विद्येविना मति गेली' झाडून सगळ्यांनी घेतलंय. संदर्भ? निम्म्यांनी 'गुलामगिरी' लिहिलंय, बाकीच्यांनी नुसतं 'म. फुले'. एकानं व्हॉट्सॲपवर आलेलं चित्रच चिकटवलं. त्या ओळी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मधल्या, अगदी उपोद्घाताच्या आरंभी. 'गुलामगिरी' त्याच्या दहा वर्षं आधीची. मी पाचातले दोन गुण कापले, तर विभागात कुरकुर: ओळी बरोबर आहेत ना, मग झालं! माझ्या मते संदर्भ चुकला याचा अर्थ पुस्तक उघडलंच नाही.

झेरॉक्सवाली:
सर, उघडायला पुस्तक हातात तर पडू दे. आमच्या कॉलेजात फुल्यांच्या समग्र वाङ्मयाची एकच प्रत, तीही घरी नेता येत नाही. ग्रंथालय पाचला बंद, मी साडेपाचपर्यंत दुकानात कामाला. तालुक्याला नोट्सची झेरॉक्स हेच पुस्तक. तिच्यावर ना मुखपृष्ठ, ना साल.
आणि नियम तरी कुणाचे? ए.पी.ए. ही संदर्भ लिहायची अमेरिकन पद्धत म्हणते, आडनाव आधी. मग तुकोबांना 'अंबिले, तुकाराम' लिहू? स्वल्पविराम हलला की अर्धा गुण गेला. सोवळंओवळं आहे हे.

जुनी_प्रत:
स्वल्पविरामाचं अगदी पटलं. प्रकाशनस्थळ पुणे की मुंबई एवढ्यावरून माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण परत आलं होतं. पुढे ए.पी.ए.नंच सातव्या आवृत्तीत स्थळ काढून टाकलं!
पण तुकोबांचं नाव काढलंस म्हणून सांगते. 'गाथा, अभंग क्र. अमुक' असं लिहून भागत नाही. कुठली गाथा? शंकर पांडुरंग पंडितांची, १८६९ आणि १८७३ मध्ये दोन भागांत निघालेली, की विष्णुबोवा जोगांची सार्थ? क्रमांक जुळत नाहीत, कधीकधी पाठही नाही, म्हणजे शब्दच वेगळे. ज्ञानेश्वरीत तर राजवाड्यांची १९०९ ची प्रत आणि एकनाथांच्या संशोधित पाठावरची प्रचलित प्रत यांतल्या ओव्यांची संख्याच वेगळी. एका ओवीतल्या एका शब्दावर मी वीस पानं लिहिली होती. मार्गदर्शकांनी दुसरी प्रत पुढे सरकवली, त्यात तो शब्दच नव्हता. आडनाव पुढे लिही की मागे, हातातली प्रत कुठली तेवढं सांग.

उलटतपासणी:
सातशे वर्षं कीर्तनकार पानक्रमांक न देता सांगताहेत, अडलं का कुणाचं? 'तुका म्हणे' हाच संदर्भ. आपल्याकडे कवितेतच सही असते, वेगळी तळटीप कशाला?

शेवटचा_बाक:
सही वाचणारा तर हवा! 'ज्ञानदेवें रचिला पाया' या अभंगात बहिणाबाईंची नाममुद्रा आहे. दरवर्षी कुणीतरी तो बहिणाबाई चौधरींच्या नावावर खपवतं. एक सतराव्या शतकातल्या, तुकोबांच्या शिष्या. दुसऱ्या खानदेशातल्या, त्यांची गाणी छापली गेली १९५२ साली. पुस्तक हातात घेतलं असतं तर हा घोळ झालाच नसता.

कपाट_नं_७:
ग्रंथालयात नोकरी करतो, म्हणून दुसरी बाजू. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या उचलेगिरीविषयीच्या नियमांनुसार दुसऱ्यांच्या लेखनाशी दहा टक्क्यांपर्यंत साम्य निघालं तर दंड नाही, आणि रीतसर संदर्भ दिलेली अवतरणं मोजायचीच नाहीत. कागदावर छान. पण जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या मराठी प्रबंधाची पीडीएफ टाकली की साम्य तपासणाऱ्या यंत्राला बऱ्याचदा रोमन अक्षरांची खिचडी दिसते. उचलेगिरी केलेली असली तरी साम्य शून्य! चोर असा सुटतो आणि यंत्राला वाचता येणाऱ्या युनिकोडमध्ये टाइप करणारी, अवतरणचिन्ह विसरलेली पोर अडकते. गुण कापण्याआधी याचाही विचार व्हावा.

झेरॉक्सवाली:
हेच म्हणतेय मी.

शेवटचा_बाक:
यंत्राचं मान्य. झेरॉक्सचंही मान्य. जे वाचलंस तेच लिही: 'नोट्सची झेरॉक्स, शीर्षकपान नाही, पान १२'. माझ्याकडे त्याला पूर्ण गुण. न पाहिलेल्या 'गुलामगिरी'चं नाव ठोकून देणाऱ्यांचे मात्र कापलेलेच राहतील.

झेरॉक्सवाली:
लिहीन सर. पण बाहेरच्या परीक्षकांनी 'झेरॉक्स' शब्दाखाली लाल रेघ मारली, तर तेव्हा तुम्ही शेजारी असाल का?