जास्त हाल असलेलं गाव मोर्चात का दिसत नाही?

प्रश्न (कापूसपट्टा): सापेक्ष वंचिततेचा सिद्धांत (माणूस नुसत्या हालानं नाही, तर कशाशी तरी तुलना करून नाराज होतो) यवतमाळकडच्या गावांना लावून पाहतो आहे. कोरडवाहू दोन एकरवाला घरी अन् ओलिताचा पंधरा एकरवाला रास्ता रोकोत पुढं, हे कसं मांडायचं? घरोघरी नेमकं काय विचारायचं?

उत्तर १ (पऱ्हाटी): भाऊ, हाल वेगळे अन् हालाची जाणीव वेगळी. समाजशास्त्रज्ञ स्टॉफर यांनी १९४९ मध्ये अमेरिकी सैन्याबद्दल मांडलं होतं: हवाई दलात बढती भराभर मिळे, लष्करी पोलिसांत क्वचित, तरी बढतीबद्दल नाराजी हवाई दलातच जास्त, कारण आजूबाजूच्यांना ती मिळताना दिसे.

कापसाचंच घ्या. २०२१-२२ मध्ये भाव क्विंटलला १०,००० च्या वर गेला. पुढच्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव ६,३८० अन् बाजार त्याच्याही वर. तरी लोकांनी कापूस घरातच भरून ठेवला, अंगाला खाज सुटली तरी विकला नाही. मनात दहा हजारच होते. त्यामुळे हमीभावाशी ताडून पाहाल तर तुम्हाला नाराजी सापडणारच नाही.

उत्तर २ (शिडी): यात समाजशास्त्रज्ञ रन्सिमन यांचा १९६६ चा भेद जोडा: ‘मी मागं पडलो’ अन् ‘आपला भाग मागं पडला’. पहिल्या भावनेनं माणूस पुण्याला कामाला जातो, दुसरीनं मोर्चात येतो. दांडेकर समितीनं १९८४ मध्ये महाराष्ट्रातल्या भागांचा विकासातला अनुशेष मोजला तोही राज्याच्या सरासरीशी तुलना करूनच.

कार्डावर दहा पायऱ्यांची शिडी काढा. आज तुम्ही कुठं, पाच वर्षांपूर्वी कुठं, हक्कानं कुठं असायला पाहिजे होतं? मग तेच ‘आपल्या भागातले शेतकरी’ अन् ‘ऊसपट्ट्यातले शेतकरी’ यांच्याबद्दल. अंतर मोठं, पण माणूस ‘नशीब’ म्हणत असेल तर ती वंचितता धरू नका. हक्क डावलल्याची भावना लागते.

पानटपरीवर विचारू नका, पहिला बोलेल तीच पायरी सगळे सांगतात. बाईमाणसाला वेगळं विचारा. अन् आंदोलन होऊन गेल्यावर तर नकोच: भाषणातून शिकलेलं अंतर तुम्ही कारण म्हणून लिहून घ्याल.

उत्तर ३ (डवरा): दोन एकरवाल्याचं उत्तर शिडीवर मिळणार नाही. समाजशास्त्रज्ञ मॅकार्थी अन् झाल्ड यांचा १९७७ चा मुद्दा हाच, की नाराजी सगळीकडे असते, साधनं नसतात. डवरणीच्या (उभ्या पिकातल्या कोळपणीच्या) दिवसांत तो तालुक्याला गेला तर त्या दिवसाचं काम पडून राहतं. गुन्हा दाखल झाला तर कोर्टाच्या तारखा वेगळ्याच. ओलितवाल्याकडं सालदार (वर्षाच्या बोलीवरचा गडी) असतो. म्हणून तीन प्रश्न वाढवा: निरोप कोणी दिला, गाडी कोणी केली, मागं शेत कोणी पाहिलं?