मदत हवी आहे: सेंट हेलेना, जेम्सटाउनच्या पायऱ्या आणि डिंगी
जानेवारीत केपटाउनहून दक्षिण अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटावर जायचंय, सुमारे 1,700 सागरी मैल. 38 फुटी स्लूप (एका डोलकाठीची शिडाची नौका), चौघे. जेम्स बे (जेम्सटाउनपुढचा उपसागर) वाऱ्याच्या आडोशाला, पण त्याच दिवसांत उत्तरेकडून मोठे रोलर (लांबून येणाऱ्या उंच लाटा) येतात आणि उतरायच्या पायऱ्यांशी पाणी सारखं चढतं-उतरतं. डिंगी (नौकेवरून किनाऱ्यावर जायची छोटी होडी) लाटेच्या माथ्यावर आली की लोंबता दोर धरून एकेकाने पाय टाकायचा, इतकं ठाऊक आहे. (गेटवेच्या पायऱ्या त्यापुढे अंगणच, वर हात द्यायला खलाशी!)

पण डिंगी पायऱ्यांना बांधून ठेवली तर आपटून फुटणार. छोटा नांगर टाकून ती लांब ठेवावी, की फेरी-बोटच बरी? नौका बांधायचे बोये भरलेले असले तर तिचा नांगर टाकावा लागेल, आणि 20 मीटर पाण्यात 60 मीटर साखळी म्हणजे खोलीच्या जेमतेम तिप्पट. साखळीला पुढे 40 मीटर नायलॉनचा दोर जोडला तर तो तळच्या खडकावर घासेल का?