आभाळ, ढग, वाफ आणि बाष्प

शंका: मुलीच्या वहीत 'ढग म्हणजे पाण्याची वाफ' असं लिहिलंय. इकडे आमच्या सासूबाई ढगालाच 'आभाळ' म्हणतात. कोणता शब्द कशाचा?

प्रतिसाद: ताई, सासूबाईंचं बरोबर आहे. 'आभाळ' आला 'अभ्र'वरून, आणि अभ्र म्हणजे ढगच. म्हणून तर 'आभाळ आलंय' म्हणतात; 'आकाश आलंय' कोणी म्हणत नाही. वऱ्हाडात 'ळ'चा 'य' होऊन 'आभाय आलं' ऐकू येतं.

वहीतलं वाक्य मात्र दुरुस्त करा. कुकरची शिट्टी होते तेव्हा लांबूनच नीट बघा. तोंडापाशी थोडी जागा रिकामी दिसते, पांढरा लोट त्याच्या वर सुरू होतो. त्या रिकाम्या दिसणाऱ्या जागेत असतं ते बाष्प, न दिसणारा वायू. बाहेरच्या गार हवेत त्याचे थेंब झाले की पांढरं दिसू लागतं, त्याला आपण वाफ म्हणतो. (संस्कृतात 'बाष्प' म्हणजे आसवंही.) बोलताना दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी येतात, म्हणून वहीतली 'वाफ' कोणी न दिसणारं बाष्पही समजेल; शिकवताना हा भेद पाळावा असं मला मनापासून वाटतं.

ढगाचंही तसंच. तापलेली हवा वर जाते, वर दाब कमी म्हणून फुगते, फुगली की गार होते. मग तिच्यातलं बाष्प धुळीच्या, मिठाच्या बारीक कणांवर जमतं. एकेक थेंब मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा. असे दहाएक लाख एकत्र आले तर पावसाचा एक थेंब. तेव्हा वहीत 'हवेत तरंगणारे पाण्याचे सूक्ष्म थेंब किंवा बर्फाचे कण' असं लिहा. बाष्पाचे असे थेंब होण्याला पुस्तकांत कुठे 'सांद्रीभवन' तर कुठे 'संघनन' म्हणतात. मला 'संघनन' आवडतो, त्यातल्या 'घन'चा अर्थ दाट, आणि ढगसुद्धा.

शंका: आणि 'उमस'? आम्ही नागपूरकर सर्रास म्हणतो. मराठीत चालेल का?

प्रतिसाद: हिंदीतून आला असेल, पण खुशाल वापरा. 'उकाडा' मे महिन्याच्या कोरड्या उन्हालाही चालतो. तेव्हा कूलरच्या ताट्यांवरचं पाणी भराभर उडतं, उडताना उष्णता घेतं, खोली गार होते. जूनमध्ये दोन सरी पडून गेल्या की हवेत आधीच बाष्प भरलेलं असतं. ताट्या ओल्याच्या ओल्या, कूलर सुरू, तरी चादर चिकट आणि अंगाला घाम. ती उमस. 'दमट उकाडा' म्हटलं तरी अर्थ कळतो, पण ती चिकचिक त्यात येत नाही.