चित्र आणि लेखन : तुमचा हात कशाने बसला?

रेघोट्या
काल भाची वही घेऊन आली. "मामा, हिचे हात काढून दे ना." परी छान काढलेली, पंख, मुकुट, सगळं जागच्या जागी. हात मात्र पाठीमागे. पुढच्या पानावरची परी, तीही हात पाठीमागे. राजपुत्राचे खिशात. मला हसू आवरेना, कारण माझ्या शाळेच्या वह्यांमध्ये एकूण एक माणूस शिक्षा झाल्यासारखा हात मागे घेऊन उभा असायचा. जो तसा उभा नसे तो झाडाच्या आड असे.

तिला दाखवलं ते इथेही टाकतो. बोटांपासून सुरुवात करायचीच नाही. आधी तळव्याचा चौकोन, मनगटाकडे जरा निमुळता. त्याला अंगठ्याचा त्रिकोण. मग चारही बोटं मिळून एकच आकार, सुटी बोटं सगळ्यात शेवटी. हाताची मागची बाजू पाहिली तर मधलं बोट मुठीच्या हाडापासून टोकापर्यंत जवळजवळ अर्ध्या पंजाएवढं भरतं. बोटांची पेरं सरळ रेषेत नसतात, कमानीत असतात. आणि पंजाची लांबी साधारण हनुवटीपासून केसांच्या सुरुवातीपर्यंत. (आत्ता कितीजणांनी तोंडावर हात ठेवून बघितला?) मॉडेल फुकट आहे, आपलाच डावा हात.

तर सांगा. चित्र, कथा, कविता, काहीही. क्लासमध्ये काय शिकवलं ते नको, खरोखर हात कशाने बसला ते.

जागरण
रुमाल टाकून ठेवते. बाळ झोपलं की लिहिते.

निळी शाई
मी ठेवला तोंडावर हात. शेजारचा बघत होता.

पाल्हाळ
लेखनाबद्दल. संवाद. कथेतली माणसं एकमेकांच्या प्रश्नांना फार इमानदारीने उत्तरं देतात. "केव्हा आलास?" "आठ वाजता आलो." मेलं ते पान. आता हे बघा:
"केव्हा आलास?"
"बाहेरचा दिवा तसाच चालू होता."
वेळ कळली नाही, पण दोघांचं बिनसलंय हे कळलं की नाही? मी कथा लिहून झाली की फक्त संवाद वेगळे काढतो आणि सरळसोट उत्तरं शोधून निम्मी उडवतो. रांगेत, लिफ्टमध्ये कान उघडे ठेवायचे. लोक समोरच्याच्या प्रश्नाला नाही, आपल्या मनातल्या प्रश्नाला उत्तर देत असतात.
अजून एक, कथेचा पहिला परिच्छेद बहुतेक वेळा आपण स्वतः गरम होण्यासाठी लिहिलेला असतो. झाकून वाचून बघा. दुसऱ्यापासून कथा सुरू होत असेल तर पहिला गेला.

खोडरबर
पाल्हाळ हे नाव घेऊन हा सल्ला 😀

पाल्हाळ
म्हणूनच तर!

तिरपा डोळा
चित्रवाल्यांसाठी. ओळखीची वस्तू दिसली की मेंदू "डोळा" म्हणून साठवलेलं बदामी चिन्ह काढून मोकळा होतो, समोरचा डोळा बघतच नाही. त्यावर हमखास उपाय म्हणजे फोटो उलटा ठेवून काढायचा. डोकं खाली, पाय वर. नाक नाक राहत नाही, नुसती वळणं आणि कोन उरतात, आणि मग हात निमूट दिसेल ते काढतो.
दुसरा उपाय, वस्तू काढायचीच नाही, तिच्या आजूबाजूची रिकामी जागा काढायची. खुर्ची काढताना खुर्ची विसरा. पायांमधले चौकोन, पाठीच्या दांड्यांमधल्या फटी, त्यांचेच आकार उतरवा. खुर्ची आपोआप उभी राहते, तेही चारही पाय जमिनीला टेकून.
आणि डोळे किलकिले करून बघणं. बारकावे पुसले जातात, उजेड आणि सावलीचे तीन-चार मोठे ठिपके उरतात. आधी ते मांडा, पापण्या नंतर.

निळी शाई
किलकिले डोळे +१. फोनवर फोटो काढून कृष्णधवल केला तरी तेच कळतं. आणि चित्र आरशात बघा किंवा फोनमध्ये डावं-उजवं उलटवा, चेहऱ्याचं वाकडेपण ताबडतोब दिसतं. लिओनार्दो दा विंचीसुद्धा आपल्या टिपणांत चित्रकारांना आरसा जवळ ठेवायला सांगतो, म्हणजे आपण काही फार मोठा शोध लावलेला नाही.

मांजरवाली
मला एकच माहीत आहे, मांजर. ती झोपलीय असं वाटून काढायला घ्यावं आणि कान काढेपर्यंत तिने कूस बदललेली असते. त्यामुळे झक मारत अर्ध्या मिनिटाची चित्रं शिकले. आधी डोक्यापासून शेपटीपर्यंत एकच वाकडी रेघ, म्हणजे अंगाचा झोक. मग छाती आणि पुठ्ठे असे दोन गोळे. तेवढ्यात उठली तर उठली, चित्र झालं. आता माणसंही अशीच काढते, दवाखान्याच्या बाकावर, बसची वाट बघताना. समोरचा हलला की त्याच पानावर दुसरं सुरू. तो परत पहिल्यासारखा बसतोच, मग पहिल्यावर परत यायचं.

खोडरबर
मांजराचं नाव काय?

मांजरवाली
ढगी. राखाडी आहे. वहीवरच झोपते, म्हणून निम्मी चित्रं कोपऱ्यात.

तिरपा डोळा
फोटो टाका. चित्राचा नको, ढगीचा.

अर्धविराम
लेखन. अँथनी ट्रोलप हा इंग्लिश कादंबरीकार टपाल खात्यात नोकरी करायचा. पहाटे साडेपाचला टेबलावर, समोर घड्याळ, आणि दर पंधरा मिनिटांना २५० शब्द. चाळीसवर कादंबऱ्या लिहिल्या त्याने, त्यातल्या बऱ्याच नोकरी सांभाळून. मी २५० च्या वाटेला गेले नाही, पण घड्याळ घेतलं. पंधरा मिनिटं हात थांबवायचा नाही. सुचलं नाही तर "सुचत नाही" हेच लिहायचं. त्यातलं बहुतेक फेकण्याच्या लायकीचं असतं, पण एखादं वाक्य असं येतं की आपण लिहिलंय यावर विश्वास बसत नाही.
दुसरी युक्ती हेमिंग्वे या अमेरिकन कादंबरीकाराची. पुढे काय होणार हे माहीत असतानाच त्या दिवसापुरतं थांबायचं, विहीर कोरडी करून उठायचं नाही. मी तर वाक्यही अर्धवट सोडते. दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानाशी झुंजत बसावं लागत नाही.

पाल्हाळ
ट्रोलपला पहाटे उठवायला नोकर होता हो! आणि त्या कामाचे त्याला वर्षाला ५ पौंड जादा मिळत. कॉफीही तोच आणून द्यायचा. ट्रोलपने आत्मचरित्रात स्वतःच लिहिलंय की आपल्या यशात त्या माणसाचा वाटा सगळ्यात मोठा.

अर्धविराम
हे मला कोणी सांगितलंच नाही. आता मला शिस्त नको, नोकर हवा.

जागरण
अर्धविराम 😂😂 बाळ अजून जागं आहे.

खोडरबर
पेन्सिलींबद्दल बोलू का? नाव लावलंय म्हटल्यावर बोललंच पाहिजे. एकट्या एचबीवर सगळं शेडिंग करू नका. निकोला-जाक काँते या फ्रेंच माणसाने १७९५ मध्ये ग्रॅफाइटच्या पुडीत चिकणमाती मिसळून भाजायची रीत काढली, पेन्सिलीची शिसं अजूनही त्याच तत्त्वावर बनतात. माती जास्त तर शिसं कडक आणि फिकट, ते एच. ग्रॅफाइट जास्त तर मऊ आणि काळं, ते बी. त्यामुळे एचबी कितीही दाबली तरी काळं होत नाही, कागद चमकतो फक्त आणि खोबण पडते. ती खोबण मग खोडूनही जात नाही. आखणीला २एच किंवा एचबी, अगदी हलक्या हाताने. मधल्या छटांना २बी, गडद सावलीला ६बी. तीन पेन्सिलींत काम भागतं, डझनभराचा डबा भेट द्यायला असतो.
बोटाने घासून सावली पसरवू नका. कातडीचं तेल कागदाला लागतं आणि नंतर त्या जागेवर डाग उठून दिसतो. कापूस किंवा टिश्यू घ्या. खरं तर रेघांनीच छटा बांधायला शिका, घासणं नंतर.
आणि खोडरबराने पुसणं कमी करा. हो, मीच सांगतोय. चुकलेली रेघ तशीच ठेवून तिच्या शेजारी बरोबर रेघ मारा. चुकीची डोळ्यांसमोर असली तर बरोबर किती सरकवायची हे कळतं. पुसली की परत तिथेच येते.

निळी शाई
म्हणून मी बॉलपेन वापरते. पुसायचा प्रश्नच मिटला.

निवृत्त आनंदी
नमस्कार मंडळी. निवृत्तीनंतर चित्रं काढू लागलो. घरचे म्हणाले, आता या वयात? त्यांना होकुसाई ऐकवला. १८३४ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, या जपानी चित्रकाराने लिहून ठेवलं की सत्तरीपूर्वी काढलेलं काही दखल घेण्याजोगं नाही, त्र्याहत्तराव्या वर्षी प्राणी-पक्षी-झाडांची घडण जराशी कळली, आणि ११० वर्षांचा होईन तेव्हा माझा प्रत्येक ठिपका न् प्रत्येक रेघ जिवंत असेल. म्हणजे त्या हिशेबाने माझी अजून बालवाडी चालू आहे.
मला उपयोगी पडलेली गोष्ट, यथार्थदर्शन, म्हणजे जवळचं-लांबचं कागदावर खरं वाटेल असं काढणं. शब्द घाबरवतो, काम सोपं आहे. क्षितिजरेषा म्हणजे आपल्या डोळ्यांची उंची. आपण उभे असू आणि जमीन सपाट असेल, तर आपल्याएवढ्या उंचीच्या सगळ्या उभ्या माणसांचे डोळे त्याच रेषेवर येतात, मग माणूस दहा पावलांवर असो की शंभर. पाय मात्र वर-खाली. लांबच्याचे पाय रेषेच्या जवळ, जवळच्याचे पार खाली. एवढं कळलं आणि माझ्या चित्रातली गर्दी हवेत तरंगायची थांबली. आपण बसून काढत असू तर ती रेषा उभ्या माणसांच्या छाती-पोटाशी येते, हेही ध्यानात ठेवा.

रेघोट्या
काका, हे भाचीला दाखवतो. तिची गर्दी अजून तरंगतेय.

तिरपा डोळा
आणि पेन्सिल समोर धरून तिच्यावर वस्तूचं माप घ्यायचं असेल तर कोपर पूर्ण ताठ, एक डोळा मिटलेला. कोपर वाकलं की दर वेळी वेगळं माप येतं. डोळे डोक्याच्या उंचीच्या मध्यावर असतात हेही एकदा मापून बघा, बहुतेक जण वर काढतात, कारण कपाळ-डोकं धरतच नाहीत.

एक वाचक
नेहमी वाचनमात्र असतो. वडील गेल्यानंतर बरेच महिने काही लिहिता येत नव्हतं. लिहायला बसलं की "पोकळी", "आधारवड" असलेच शब्द यायचे, आणि ते त्यांचे नव्हते. मग भावना लिहायच्याच नाहीत असं ठरवलं. नुसती त्यांच्या टेबलावरच्या वस्तूंची यादी. चष्मा, एका बाजूची काडी दोऱ्याने बांधलेली, गाठ बाहेरच्या बाजूला कारण आत टोचायची. वर्तमानपत्रातलं अर्धं सोडवलेलं शब्दकोडं, सात उभेची तीन अक्षरं खोडून परत तीच लिहिलेली. रेडिओच्या बटणावर नेहमीच्या स्टेशनाशी नेलपॉलिशची खूण. विशेषण एकही नाही. ती यादी बहिणीला पाठवली. तिने फोन केला आणि बराच वेळ आम्ही फक्त त्या गाठीबद्दल बोललो.
टिप म्हणून काही सांगत नाहीये.

मांजरवाली
🙏

अर्धविराम
दादा, लिहीत राहा. इथेही.

निळी शाई
तीच तीन अक्षरं परत लिहिलेली. डोळे भरले.

जागरण
झोपलं! लवकर लिहिते, उठायच्या आत. मला सलग वेळ मिळतच नाही, म्हणून फोनवर बोलून टिपते. टंकलेखन घोळ घालतं, पण वाक्याची लय बोलण्यातली राहते हा फायदा. रात्री तीच टिपणं मोठ्याने वाचते. जिथे जीभ अडते तिथे वाक्य मोडायचं. फोनला वाचायला लावलं तर अजून बरं, तो आपल्या बाजूने भाव घालत नाही, त्यामुळे जे फुसकं आहे ते फुसकंच ऐकू येतं.
आणि बेंजामिन फ्रँकलिनचा प्रयोग, हा मी खरोखर केलाय. आवडता उतारा घ्यायचा, प्रत्येक वाक्याचा नुसता आशय दोन-तीन शब्दांत टिपायचा, काही दिवस बाजूला ठेवायचं, मग टिपणांवरून उतारा स्वतः लिहायचा आणि मूळ उताऱ्याशी ताडून बघायचा. आपला शब्दसाठा कुठे तोकडा आहे ते नेमकं तिथे उघडं पडतं. तो तर टिपणं पिसून ठेवायचा आणि क्रम परत लावायचा, मांडणी शिकायला. हे मला कोणत्याही लेखन कार्यशाळेपेक्षा उठलं उठलं बाळ

खोडरबर
शेवटचं वाक्य फ्रँकलिनला जमलं नसतं.

निळी शाई
टॅबवर काढणारं कोणी आहे का? मला वाटतं 'अनडू'मुळे माझा हात बिघडतोय. एक रेघ सतरा वेळा मारते.

तिरपा डोळा
मारलीत तर मारलीत, पण आखणी एका लेयरवर (म्हणजे चित्राच्या वेगळ्या थरावर), पक्की रेघ दुसऱ्यावर ठेवा आणि पक्क्या रेघेला 'अनडू' बंद असा नियम करा. रेघ मनगटातून नाही, खांद्यातून ओढा. लांब रेघ थरथरते ती बहुतेक मनगटामुळेच. काचेवर पेन घसरतं, कागदासारखा पोत असलेली फिल्म मिळते, ती लावली की जरा पकड येते.

डावखुरी
अवांतर, पण डावखुऱ्यांचा विचार कोणी केलाच नाही. मामा म्हणतात मॉडेल डावा हात! आमचा उजवा. आणि आम्ही डावीकडून उजवीकडे शेडिंग केलं की तळहाताची कड सगळं ग्रॅफाइट पुसत जाते. कुणी काही उपाय केलाय?

रेघोट्या
उजवा तर उजवा, त्यालाही तीच पाच बोटं 😀 भाची डावखुरीच आहे, मीही उपाय शोधतोय.

खोडरबर
उजव्या वरच्या कोपऱ्यातून सुरू करा आणि डावीकडे खाली येत जा. हाताखाली कोरा कागद ठेवा.

डावखुरी
कागद ठेवते हो, तरी पुसतंच.

खोडरबर
सरकवत असाल. सरकवू नका, उचलून पुढे ठेवा.