व्याख्या मागाहून द्या

पहिल्याच तासाला भूगोलाच्या पाचही सूत्रांच्या (म्हणजे एखाद्या जागेकडे पाहण्याच्या पाच बाजूंच्या) व्याख्या फळ्यावर लिहून द्याव्यात, असं काही जण म्हणतात; मला ते काही पटलं नाही. स्थान, ठिकाणाची वैशिष्ट्यं, माणूस आणि पर्यावरण, ये-जा, प्रदेश या पाच सूत्रांची मांडणी १९८४ साली अमेरिकेत झाली ती शिकवणाऱ्यांच्या सोयीसाठी. मुलांनी ती घोकायची कशाला?

त्यापेक्षा एकच जागा घ्या आणि सगळे प्रश्न तिलाच विचारा. उदाहरणार्थ अरल समुद्र, म्हणजे मध्य आशियातला आटत गेलेला मोठा खारा तलाव. नकाशावर तो शोधताना अक्षांश-रेखांश आणि कझाकस्तान-उझबेकिस्तानची सीमा ओघानेच येते. मग १९६० च्या सुमाराचा नकाशा आणि अलीकडचं उपग्रहचित्र शेजारी ठेवा आणि जरा गप्प बसा (हेच आपल्याला जमत नाही). पाणी गेलं कुठे, हे मुलंच विचारतील. सोव्हिएत काळात त्याला मिळणाऱ्या अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचं पाणी कापसाच्या शेतीकडे वळवलं. मोयनाक बंदरातल्या बोटी वाळूत रुतल्या, मासेमारी बुडाली, माणसं गाव सोडून गेली. एवढ्यात तीन-चार सूत्रं येऊन गेलीसुद्धा! २००५ मध्ये पूर्ण झालेल्या कोक-अरल बंधाऱ्यामुळे उत्तर भागात पाणी पुन्हा चढलं, हेही सांगा.

'प्रदेश' मात्र जड जातो, कारण त्याची हद्द आपणच ठरवतो. सहारा दक्षिणेला कुठे संपतं, ती रेघ दोन गटांना वेगवेगळी मारायला लावा. एकाने पाऊस पाहिलेला असतो, दुसऱ्याने झाडोरा. रेघा जुळत नाहीत आणि वाद सुरू होतो. व्याख्या तेव्हा द्या, हवी तर.