शब्दचर्चा : अल्पसंख्याक भाषा की अल्पसंख्याकांची भाषा?

रंकाळाकाठी : ऑस्ट्रेलियातल्या एसबीएस वाहिनीवर लेख लिहितोय. स्थलांतरितांसाठी १९७५ साली सिडनी-मेलबर्नमध्ये रेडिओ सुरू झाला, २४ ऑक्टोबर १९८० ला टीव्ही आला. ग्रीक, इटालियन, अरबी कार्यक्रम, खाली इंग्रजी सबटायटल्स. 'अल्पसंख्याक भाषांतील प्रसारण' असं लिहिलं आणि अडकलो. ग्रीक अल्पसंख्याक कशी? अख्खा देश बोलतो की! शिवाय 'अल्पसंख्यक' का 'अल्पसंख्याक'?

गडहिंग्लजकर : दुसरं सोपं. मराठीत 'अल्पसंख्याक' रुळलाय, 'अल्पसंख्यक' हिंदीच्या वाटेनं येतो. संस्कृतात दोन्ही चालतात, पाणिनीनं 'ख्या'चा ऱ्हस्व 'ख्य' करणं ऐच्छिक ठेवलंय. म्हणून चूक म्हणू नका, पाहुणा म्हणा.

पहिला प्रश्न मात्र आमच्या घरातला. आज्जी कानडी. दिवेलागणीला 'चंदन' लावते, दूरदर्शनची कन्नड वाहिनी. आवाज एवढा की कानडी न येणाऱ्या शेजारणीलाही मालिका तोंडपाठ. इथं आज्जी अल्पसंख्याक. एसटी कर्नाटकात संकेश्वरला पोचली की आज्जी तीच, कानडी तीच, पण आता अल्पसंख्याक मी! म्हणजे संख्या माणसांची मोजायची, तीही कुठल्या मुलखात ते बघून. राज्यघटनेतला ३५० बी अनुच्छेदसुद्धा भाषिक अल्पसंख्याकांबद्दल बोलतो, म्हणजे माणसांबद्दलच. तुम्ही 'अल्पसंख्याकांच्या भाषा' लिहा.

मंगळवार पेठ : मग ब्रिटनमधल्या वेल्सच्या वेल्श भाषेचं काय करणार भावा? तिला पलीकडं संकेश्वर नाही. आपल्याच घरात इंग्रजीपुढं मागं पडलेली. १ नोव्हेंबर १९८२ ला एस-फोर-सी ही वेल्श वाहिनी निघाली, तीसुद्धा वेल्श नेते ग्विनफर इव्हान्स यांनी आमरण उपोषणाचा इशारा दिल्यावर सरकारनं माघार घेतली म्हणून. तिथं 'अल्पसंख्याक भाषा' चालून जाईल.

रंकाळाकाठी : पटलं. एसबीएसपुरतं 'अल्पसंख्याकांच्या भाषा' करतो. आता 'सार्वजनिक वाहिनी'. तपासणाऱ्यांनी खोडून 'सरकारी' केलंय.

मंगळवार पेठ : अजिबात नको. तालमीचा गणपती सार्वजनिक असतो, सरकारी असतो का? पावती पुस्तक घेऊन पोरं दारात येतात, वर्गणी सगळ्यांची, म्हणून आरास बघून नाक मुरडायचा हक्कही सगळ्यांना. बीबीसीची लायसन्स फी ही वर्गणीच. आपल्याकडंही रेडिओला लायसन्स लागायचं. आजोबांचं ते पुस्तक अजून ट्रंकेत आहे, पोस्टात पैसे भरून तिकिटं चिकटवलेलं.

गडहिंग्लजकर : एसबीएसला वर्गणी नाही हां. सरकारी अनुदान आणि जाहिराती.

मंगळवार पेठ : असू दे. पैसा सरकारचा असला तरी बातम्या काय द्यायच्या ते सरकार ठरवत नाही. 'सरकारी' म्हटलं की वाचणाऱ्याला नेमकं उलटं वाटणार.

रंकाळाकाठी : 'सार्वजनिक' परत घालतो. आणि हो, त्याच तपासणीत एका ठिकाणी 'बहुभाषिक वहिनी' झालंय.

गडहिंग्लजकर : ते राहू दे. आमच्या वहिनी तिन्ही भाषांत भांडतात.