सेटिंग्ज फाइलीत असाव्यात की एन्व्हायर्नमेंटमध्ये?

पाटीपेन्सिल (धागाकर्ता)

डेटाबेसचा पत्ता, पोर्ट, लॉगची पातळी, कामाच्या वेळा अशा सेटिंग्ज प्रोग्रॅमने कोडशेजारच्या फाइलीतून वाचाव्यात की एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून (म्हणजे ऑपरेटिंग सिस्टम प्रोग्रॅमला बाहेरून देते त्या नाव-मूल्याच्या जोड्यांतून) घ्याव्यात, यावर आमच्या टीममध्ये आठवडाभर वाद चालू आहे. हेरोकू या क्लाउड कंपनीच्या मंडळींनी २०११ च्या सुमारास मांडलेल्या ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर’ नियमावलीने दुसरा पर्याय इतका रूढ केला आहे, की फाइलीची बाजू घेणारा माणूस जुन्या वळणाचा ठरतो. तरीही मी ती बाजू घेतो.

फाइल एका नजरेत वाचता येते, तिच्यात टिपा लिहिता येतात, कोणी काय बदलले ते गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात दिसते आणि मुख्य म्हणजे तिच्यात मूल्याचा प्रकार टिकतो. एन्व्हायर्नमेंटमध्ये सगळा नुसता मजकूर असतो. ‘डीबग’ या व्हेरिएबलमध्ये ‘फॉल्स’ लिहून ते पायथनच्या बूलला दिले, तर उत्तर ‘ट्रू’ येते, कारण रिकामी नसलेली कोणतीही स्ट्रिंग त्याच्या लेखी खरीच असते. शिवाय पायथन ३.११ पासून, म्हणजे ऑक्टोबर २०२२ पासून, टॉमल या साच्यातल्या सेटिंग्जच्या फाइली वाचणारे मॉड्यूल भाषेसोबतच मिळते, त्यामुळे बाहेरची लायब्ररी नको हे निमित्तही उरलेले नाही. पासवर्ड फाइलीत लिहून रेपोत, म्हणजे कोडच्या सामाईक साठ्यात, चढवू नयेत हे मला मान्यच आहे. वाद बाकीच्या सेटिंग्जचा आहे.

रात्रपाळी

असहमत. फाइल कोडशेजारी आहे म्हणजे ती प्रोग्रॅमला सापडेलच, असे आपण धरून चालला आहात. नुसते नाव देऊन उघडलेली फाइल कोडच्या फोल्डरात शोधली जात नाही. प्रोग्रॅम ज्या फोल्डरातून सुरू झाला तिथे शोधली जाते. आपण टर्मिनलवर प्रोजेक्टच्या फोल्डरात बसून चालवतो तेव्हा दोन्ही एकच असतात, म्हणून सगळे सुरळीत वाटते. ठरल्या वेळी कामे चालवणारा क्रॉन मात्र तोच प्रोग्रॅम होम फोल्डरातून चालवतो, आणि लिनक्सवर सर्व्हिस सुरू करणाऱ्या सिस्टमडीला वेगळे सांगितले नसेल तर सर्व्हिस थेट रूटमधून, म्हणजे सगळ्यात वरच्या फोल्डरातून, सुरू होते.

आधीच्या नोकरीत हे मी भोगले आहे. पायथनच्या कॉन्फिगपार्सर या सेटिंग्ज वाचणाऱ्या मॉड्यूलला फाइल सापडली नाही तर तो तक्रार करत नाही. वाचलेल्या फाइलींची यादी तेवढी परत देतो, आणि ती यादी तपासण्याची तसदी कोणी घेत नाही. आमच्या कोडमध्ये प्रत्येक सेटिंगला फॉलबॅक, म्हणजे मूल्य न मिळाल्यास वापरायचा पर्याय, दिलेला होता आणि डेटाबेसचा फॉलबॅक होता टेस्ट सर्व्हर. रात्रभराच्या नोंदी निमूटपणे तिकडे गेल्या आणि लॉगमध्ये चुकीची एक ओळही नव्हती.

खडूची भुकटी

‘प्रकार टिकतो’ या वाक्यावर माझा आक्षेप आहे. फाइल यामल या साच्यातली असेल तर प्रकार टिकत नाही, तो अंदाजाने ठरवला जातो. आम्ही शाखांचे एसटीडी कोड अवतरणचिन्हांशिवाय यामलमध्ये लिहिले होते. पायथनची पायवायएएमएल लायब्ररी अजून यामल १.१ चे नियम पाळते आणि त्यात शून्याने सुरू होणारा आकडा अष्टमान पद्धतीचा (फक्त ० ते ७ हे अंक असलेला) मानला जातो. त्यामुळे पुण्याचा ०२० झाला १६, मुंबईचा ०२२ झाला १८ आणि साताऱ्याचा ०२१६२ झाला ११३८. लातूरचा ०२३८२ मात्र जसाच्या तसा राहिला, कारण अष्टमानात ८ हा अंकच नाही, म्हणून लायब्ररीने तो मुकाट्याने मजकूर मानला. तपासणाऱ्याने नेमका लातूरचाच कोड पाहिला होता!

वेळांचेही तसेच. ०९:३० हा मजकूर राहतो, पण १७:३० साठमानाने (१७ × ६० + ३०) मोजला जाऊन १०५० होतो. एन्व्हायर्नमेंटमध्ये सगळा मजकूर असतो हे खरे, पण तो निदान सगळीकडे सारखाच मजकूर असतो.

पाटीपेन्सिल

एसटीडी कोडचे उदाहरण वाचून हसू आले आणि घामही फुटला. परंतु हा दोष यामलचा आहे, फाइलीचा नाही. टॉमलमध्ये ०२० असे अवतरणाशिवाय लिहिले, तर फाइल वाचतानाच चूक दाखवून प्रोग्रॅम थांबतो, आणि मला नेमके तेच हवे आहे.

रात्रपाळी यांचा मार्गाचा मुद्दा मान्य. फाइलीचा मार्ग कोडच्या स्वतःच्या जागेवरून काढावा किंवा चालवताना पूर्ण द्यावा, आणि फाइल नसेल तर प्रोग्रॅमने सुरूच होऊ नये. मात्र त्या रात्रीचा खरा गुन्हेगार फॉलबॅक होता. व्हेरिएबल नसेल तर टेस्ट सर्व्हर घे, ही ओळ एन्व्हायर्नमेंट वाचतानाही तितक्याच सहज लिहिली जाते आणि तितकीच गप्प राहते.

डबेवाला

आपण सारे एकाच मशीनचा विचार करत आहात. आमच्याकडे एकच कंटेनर इमेज (प्रोग्रॅम आणि त्याला लागणारे सगळे एकत्र बांधलेला गठ्ठा) आधी टेस्टिंगला आणि मग लाइव्हला जाते. तपासले तेच पुढे गेले, ही खात्री त्यातूनच मिळते. सेटिंग्जची फाइल इमेजमध्ये असेल तर प्रत्येक ठिकाणासाठी वेगळी इमेज बांधावी लागेल आणि ती खात्री संपेल. व्हेरिएबल बाहेरून देता येते.

रात्रपाळी

फाइलही बाहेरून कंटेनरला जोडता (माउंट करता) येते, त्यामुळे या मुद्द्यावर मी विरोधात असूनही धागाकर्त्यांच्या बाजूने आहे. शिवाय व्हेरिएबल प्रोग्रॅमने सुरू केलेल्या प्रत्येक उपप्रक्रियेकडे वारशाने जाते, हे पासवर्ड तिथे ठेवणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

सगळ्यात वाईट म्हणजे दोन्हींची खिचडी. फाइलीतली मूल्ये एन्व्हायर्नमेंटमध्ये भरणारी पायथन-डॉटईएनव्ही ही लायब्ररी आधीपासून असलेले व्हेरिएबल आपणहून बदलत नाही. एका सहकाऱ्याने टर्मिनलवरच्या बॅश शेलच्या सुरुवातीच्या फाइलीत कधीतरी डेटाबेसचा पत्ता लिहून ठेवला होता. तो अर्धा दिवस प्रोजेक्टमधली फाइल बदलत बसला आणि प्रोग्रॅम जुन्याच पत्त्यावर जात राहिला. म्हणून माझी अट एकच: कोणते मूल्य कुठून आले, ते फाइलीच्या पूर्ण मार्गासह प्रोग्रॅमने सुरू होतानाच लॉगमध्ये लिहावे.

पाटीपेन्सिल

अट मान्य, ती ओळ आजच घातली. आणि पहिल्याच वेळी तिने ज्या फोल्डरातली फाइल दाखवली, ते फोल्डर मी मागच्या महिन्यात काढून टाकले अशी माझी समजूत होती.